मडगावचं तिकीट

नंदू,

काल रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. खुर्च्या साठ मांडल्या होत्या, माणसं सत्त्याण्णव आली. तू असतास तर दीडशे सांगितली असतीस, म्हणून मी मोजून ठेवली.

समोर तुझा फोटो होता, बाविसाव्या वर्षीचा, चेंडू पायाशी धरलेला. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांतला एकही फोटो कोणाला लावावासा वाटला नाही. फोटोखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘एका यादीने हिरावून घेतलेला लालबागचा फुटबॉलपटू’. यादी कोणाच्या हातची, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. माझ्या हातची. ही गोष्ट तू नाक्यावर, लग्नांत, केस कापताना, दवाखान्याच्या रांगेत, जिथे ऐकणारा मिळेल तिथे सांगितलीस. आता तू मेलास आणि ती छापून आली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मला मान्य आहे. पण गेलेल्या माणसाने मागे ठेवलेलं खोटं जिवंत माणसाने किती वर्षं वागवावं, याचा काही नियम मला सापडला नाही. म्हणून सभेत बोलायचं मी ठरवलं होतं.

आधी यादीचं सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण तू ते इतक्या वेळा बदललंस की मूळ काय होतं हे तू स्वतःही विसरला असशील.

आपली वस्ती कबड्डीची. फुटबॉल खेळणारा मुलगा म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, अशी समजूत. तरी तू खेळायचास, आणि काय खेळायचास! तुझी आई जिन्यात उभी राहून म्हणायची, “ह्याच्या पायांत देव आसा, पण डोक्यांत कोणच नाय.” तुझ्याविषयी इतकं अचूक वाक्य नंतर कोणी बोललं नाही. एका कंपनीने तुला खेळाडू म्हणून नोकरीवर घेतलं, एका वर्षाच्या बोलीवर. अट एकच: सीझनमध्ये लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या संघातून खेळायचं नाही. ते पत्र तू मलाच वाचायला दिलं होतंस. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघही मारली होती.

त्या पावसाळ्यात आपला संघ माझगावच्या स्पर्धेत पहिल्यांदा फायनलला आला. मी संघाचा चिटणीस. सामन्याआधी खेळाडूंची यादी लिहून पंचांच्या टेबलावर द्यायचं काम माझं. तू बूट बांधत बाकावर बसला होतास.

“माझ्या जागी संतोषचं नाव टाक,” तू म्हणालास. संतोष म्हणजे तुझा चुलतभाऊ.

“संतोष कुठे आहे?”

“डोंबिवलीला. लग्नाला गेलाय.”

“मग तो खेळणार कसा?”

“अरे चित्रगुप्ता, तो कशाला खेळतोय? मी खेळणार. नाव फक्त त्याचं.”

“जो खेळेल त्याचं नाव.”

“सगळे असंच करतात रे.”

“सगळ्यांच्या याद्या मी लिहीत नाही. नाव नको असेल तर खेळू नको. कंपनीचं पत्र विसरलास काय?”

“मग लिही माझं नाव. बापाचं लाव, आज्याचं लाव, खापरपणज्याचं लाव. मी खेळणार!”

एवढंच झालं होतं. मी तुला नको म्हणालो, तू खेळलास. आपण तीन-एक जिंकलो, त्यातले दोन तुझे. दुसऱ्या गोलाबद्दल मी तुझ्या तोंडावर कधी चांगलं बोललो नाही, कारण तू तो शब्द आयुष्यभर मिरवला असतास. आता सांगतो. उजव्या कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ चिखलात तुला चेंडू मिळाला. तिघेजण अंगावर आले. तू घाई केली नाहीस. पहिल्याला आतून काढलंस, दुसऱ्याला बाहेरून, तिसरा घसरून स्वतःच पडला. गोलकीपर पुढे धावला, तेव्हा तू क्षणभर थांबलास. चक्क थांबलास. तो आडवा झाल्यावर चेंडू त्याच्या अंगावरून अलगद पलीकडे टाकलास. सामन्याच्या प्रत्येक गोलाचं मिनिट मी वहीत लिहीत असे. एकशे बारा सामने मी तसे लिहिले. त्या गोलाचं मिनिट लिहायचं राहून गेलं, कारण मी उभा राहून ओरडत होतो. वहीत तिथे नुसती रेघ आहे.

पुढे ते कंपनीला कळलं. वर्तमानपत्रात चार ओळींचा निकाल आला, त्यात तुझं नाव होतं. साहेबाने तुला बोलावलं. शिक्षा काय झाली? दोन सामने बाहेर आणि दोन ओळींचं माफीपत्र. बस्स. ते पत्र मी तुला तीनदा लिहून दिलं. पहिलं तू फाडलंस, दुसऱ्यावर चहा सांडलास, तिसरं तुझ्या खिशात धुण्याला गेलं. सही मात्र केली नाहीस. “मी माफी मागणार? मी गोल मारलेत, चोरी नाही केली.” वर्ष भरायच्या आधीच कंपनीने तुला मोकळं केलं आणि तू नाक्यावर येऊन जाहीर केलंस, “चित्रगुप्ताच्या पेनाने मला खाल्लं.”

आता तू कधी कोणाला न सांगितलेला भाग. ती फायनल पाहायला एक जुना खेळाडू आला होता. गोव्यात बरीच वर्षं खेळलेला. त्याने पंचांच्या टेबलावरची यादी पाहिली, तुझं नाव टिपून घेतलं आणि आठवड्याभरात विचारत विचारत आपल्या चाळीत आला. मडगावजवळच्या एका क्लबची तीन दिवसांची ट्रायल होती, तिथे त्याने तुझ्यासाठी शब्द टाकला. त्या यादीत संतोषचं नाव असतं तर तो डोंबिवलीच्या लग्नात राइट विंगर शोधत बसला असता. ज्या कागदाने तुला संपवलं असं तू सांगत राहिलास, त्याच कागदाने तुला दारापर्यंत नेलं होतं.

दारापर्यंत. आत तू गेला नाहीस.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. कोकणातल्या गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. मी पहाटेपासून चार तास रांगेत राहून तुझं मडगावचं तिकीट काढलं. वेळापत्रक लिहून दिलं: सोमवार, मंगळवार, बुधवार ट्रायल, गुरुवारी परत कणकवलीला, शुक्रवारी घरचा गणपती. कशाच्या आड काही येत नव्हतं. तुझ्या वडिलांना धरून चार भाऊ, दरवर्षी एकेकाकडे गणपतीची पाळी, आणि त्या वर्षी पाळी तुमची, हे धरूनच मी ते बसवलं होतं. घर सारवायला, रंगवायला, मूर्ती आणायला तुझे वडील, दोन काका आणि संतोष आधीच गावी गेले होते.

आणि तू कणकवलीला उतरलास.

मडगावचं तिकीट खिशात, ट्रायल दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तू बॅग घेऊन कणकवलीला उतरलास. दोन दिवस भिंतींना चुना लावलास. बुधवारी एसटीने निघालास, दुपारी पोहोचलास आणि शेवटची वीस मिनिटं खेळलास. त्यांनी तुझा पत्ता लिहून घेतला आणि पुढे काही कळवलं नाही. का कळवावं? परत आलास तेव्हा तुझ्या नखांत चुना होता. मी विचारलं तेव्हा तू खांदे उडवलेस. “पाळी आमची होती रे. गाडी थांबली, माणसं उतरायला लागली, मग मी पण उतरलो.” आणि वर म्हणालास, “चाळीत सांगू नको.” मी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात तू सांगायला लागलास, की गोव्यातही त्या यादीचं कळलं होतं, नाव खराब झालं होतं, म्हणून घेतलं नाही.

मी गप्प राहिलो. ही माझी चूक, आणि ती मी मांडून ठेवतो. आठवड्याभरात विसरशील असं वाटलं होतं. माझा अंदाज पंचवीस वर्षांनी चुकला.

त्यानंतर तू काय केलंस? ‘पुढच्या सीझनला’ असं म्हणत राहिलास. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पोट शर्टाबाहेर आलेलं असताना, तू मला सांगितलंस की पुढच्या सीझनला तू परत येणार आहेस. कुठून परत, ते सांगितलं नाहीस. एका शाळेने मुलांना शिकवायला बोलावलं, नऊ दिवस गेलास. “मी खेळाडू आहे, पीटी मास्तर नाही.” मंडळाच्या बाहेरच्या बाकावर बसून पोरांच्या खेळाला नावं ठेवलीस: “बूट महागाचे, पाय फुकटचे.” घर सुनीतावहिनींनी चालवलं, परळच्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर उभं राहून. तुझ्या केसपेपरवर त्या नवऱ्याचा व्यवसाय ‘खेळाडू’ असा लिहायच्या. मी त्यांना एकदा म्हणालो, “वहिनी, हे बरोबर नाही.” त्या म्हणाल्या, “मग काय लिहू, भाऊजी?”

माझी मुलगी बारा वर्षांची असताना जेवता जेवता मला म्हणाली, “बाबा, तुम्ही खरंच नंदूकाकांचं करिअर संपवलंत?” त्या दिवशी मी ताटावरून उठून तुझ्याकडे आलो. तुझ्या घरापर्यंत एकेचाळीस पावलं, रागात असलो की चौतीस. तू टीव्हीवर सामना बघत होतास. मी काय काय बोललो ते तुला आठवत असेल. तू मान न वळवता म्हणालास, “बस ना. पेनल्टी आहे.” आणि मी बसलो. तो बसलेला मी मला अजून आवडत नाही.

मी गोदीत पत्र्यांची जाडी मोजण्याचं काम करतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर पत्रा परत पाठवायचा, अशी शिस्त. तुला मी कितीदा परत पाठवायला हवं होतं! पाठवलं नाही, त्याला एक कारण बाबा. त्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावर. बहात्तर पायऱ्या, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळेना. तू खालून आलास, त्यांना लहान मुलासारखं दोन्ही हातांवर घेतलंस आणि एकदाही न थांबता खाली नेलंस. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. ती सहा वर्षं तुझी देणगी आहे, हे मी मानतो. आता हेही मानायला हवं की त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये पुढे बसून तू ड्रायव्हरला यादीची गोष्ट सांगितलीस. मी मागे बाबांचा हात धरून बसलो होतो आणि मला ऐकू येत होतं. “हा मागे बसलाय ना, त्यानेच.”

शोकसभेच्या आदल्या दिवशी मी वही घेऊन वहिनींकडे गेलो. म्हणालो, “उद्या मी खरं सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून आलो.”

त्या तांदूळ निवडत होत्या. “कणकवलीचं?”

“तुम्हाला माहीत आहे?”

“लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सांगितलं त्यांनी.”

“मग तो माझं नाव घेत होता तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?”

“विचारलं होतं मी. म्हटलं, त्या साहेबाचं नाव घ्या, गोव्याच्या कोचचं घ्या, भाऊजींचं कशाला? तर म्हणाले, साहेब काय, कोच काय, एकदा शिवी घातली की संपलं. हा रागावतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो.” त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. “तुम्ही सांगा उद्या. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, आणि गप्प बसलात तर तब्येत बिघडेल.”

हे ऐकून मला गहिवरून वगैरे आलं नाही. संताप आला. म्हणजे तुला ठाऊक होतं. परत येणारा माणूस म्हणून तू मला निवडलं होतंस. नंदू, माणूस ठेवून घ्यायची ही काय रीत झाली? सरळ म्हणाला असतास, ‘येत जा’, तर मी आलो नसतो का?

सभेत आधी अध्यक्ष बोलले. यादी आलीच. “आपल्याच माणसाच्या हातून, कदाचित नकळत,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली. मग मी उठलो. वही उघडली. सामने एकशे बारा, गोल चौऱ्याऐंशी. यादीत खरं नाव का लिहिलं, ते सांगितलं. माफीपत्रं तीन, सही एकही नाही, ते सांगितलं. त्याच यादीमुळे गोव्याचं बोलावणं आलं, ते सांगितलं. मग म्हणालो, “मडगावचं तिकीट मी काढून दिलं होतं. ट्रायल सोमवारी होती. हा रविवारी कणकवलीला उतरला. पाळीच्या गणपतीसाठी घराला चुना लावायला.”

मी वही मिटली. मला वाटलं, संपलं. पंचवीस वर्षांनी एकदाचं संपलं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून तुझी आत्या म्हणाली, “पाळयेचो गणपती घराक येतलो, आणि झील स्टेशनावरून पुढे जातलो कसो?”

“बरोबर आहे,” मागून कोणीतरी म्हणालं. “घरचा मुलगा पुढे जाईल कसा?”

मी म्हणालो, “अहो, चुना लावायला चार माणसं होती तिथे. ट्रायल करून हा गुरुवारी घरी पोहोचत होता. मी वेळापत्रक लिहून दिलं होतं.”

“वेळापत्रक!” आपला जुना गोलकीपर हसला. “चित्रगुप्त, तू कोकणातला नाहीस. गाडी कणकवलीला थांबल्यावर पुढे बसून राहायला दगडाचं काळीज लागतं.”

सगळा हॉल हसला, नंदू. मग अध्यक्ष पुन्हा उठले. डोळे पुसत म्हणाले, “आज आपल्याला नवीनच गोष्ट कळली. बाप्पासाठी या पोराने गोवा सोडला, आणि पंचवीस वर्षं एका शब्दाने बोलला नाही!” टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! खाली उतरताना दोघांनी माझा हात हातात घेतला आणि इतकं सुंदर बोलल्याबद्दल आभार मानले. पुढच्या वर्षी तुझ्या नावाने स्पर्धा भरवायची ठरलीय आणि पत्रकात हीच गोष्ट छापायची आहे. मजकूर मी लिहावा असा आग्रह आहे, कारण तपशील माझ्याकडे आहेत.

म्हणजे यादीतून मी सुटलो आणि तू देवमाणूस झालास. मेल्यावरसुद्धा तीन जणांना चुकवून गेलास.

त्या स्टेशनवर तू खरंच गणपतीसाठी उतरलास, की पुढे तुझ्याइतकेच चांगले वीस जण असतील या धास्तीने, हे मी तुला कधी विचारलं नाही. एवढी भांडणं झाली, त्यात हा एक प्रश्न नव्हता. मला वाटतं, उत्तर मला ठाऊक होतं आणि ते तुझ्या तोंडून ऐकायचं धाडस माझ्यात नव्हतं. असं असेल तर आपल्या दोघांत फारसा फरक राहत नाही, आणि ही गोष्ट मला मुळीच आवडलेली नाही.

हॉल रिकामा झाल्यावर खुर्च्या एकात एक घालून ठेवत होतो. वहिनी जवळ आल्या.

“भाऊजी, उद्या येताय ना?”

“कशाला? आता भांडायला कोण आहे तिथे?”

“मी आहे की.” त्यांनी मागे वळून कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. “तेरा दिवस नुसतं ऐकतेय, किती चांगले होते, किती चांगले होते. मला पण बरंच बोलायचंय त्यांच्याबद्दल. इथे दुसऱ्या कोणाजवळ बोलता येत नाही.”

मी हो म्हणालो. संध्याकाळी सहाला जातो आहे. तुझ्याबद्दल आजवर जे वाईट बोललो ते तुझ्या तोंडावर बोललो. मागे बोलायची ही पहिलीच वेळ.